वाड्याला कोणत्या गावाचं गायरान?

वर्षाचे आठ महिने मेंढपाळ कसाही निभावून नेतो. जून लागला की त्याला जागा उरत नाही. दिवाळीनंतर माण, फलटण, बारामतीकडचे धनगरांचे वाडे, म्हणजे कळपासह एकत्र फिरणारी कुटुंबं, घाट उतरून कोकणात जातात. तिथे भात निघालेलं असतं, खाचरं मोकळी पडलेली असतात आणि शेतकरी आपण होऊन मेंढरं बसवायला बोलावतो. रात्रभर वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, बसलेल्या कळपाची लेंडी आणि मूत जमिनीला मिळतं, वाड्याला त्याबदली धान्य किंवा रोख मिळते. दोन्हीकडची गरज भागते, म्हणून हा व्यवहार पिढ्यान् पिढ्या चालत आला. कोकणातल्या पावसात मात्र मेंढरू तगत नाही, खुरं कुजतात. त्यामुळे मृगाच्या आधी कळप देशावर परतलेले असतात. आणि नेमकी तेव्हाच इथे पेरणी सुरू होते. शेतं बंद होतात. उरतो माळ, गायरान आणि वनखात्याची जमीन. हे चार महिने कळप कुठे चरतो, यावर त्या कुटुंबाचं पुढचं वर्ष ठरतं.

कायदा इथे काय म्हणतो, ते पाहायला हवं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधल्या कलम २२ प्रमाणे गावाच्या गुरांना मोफत चरण्यासाठी जिल्हाधिकारी सरकारी जमीन राखून ठेवतात. आपण ज्याला गायरान किंवा गुरचरण म्हणतो ते हे. पुढचं कलम २४ सांगतं की या जमिनीवर चरण्याचा हक्क ज्या गावांना ती नेमून दिली आहे, त्या गावांच्या गुरांपुरताच आहे. गावकऱ्याच्या दृष्टीने ही तरतूद रास्त वाटते. पण वर्षातले बहुतेक महिने वाटेवर असलेला कळप कोणत्या गावाचा म्हणायचा? त्याच्या मालकाचं मूळ गाव माणमध्ये असेल, मुक्काम पुरंदरमध्ये असेल आणि आठवड्याने तो मुळशीत असेल. जिथे तो उभा आहे, तिथे तो कायद्याने उपराच. गावकीने चरू दिलं तर चरायचं, हाकललं तर बिऱ्हाड उचलायचं.

बिऱ्हाड उचलणं म्हणजे काय, हे शहरात बसून कळत नाही. गडीमाणसं कळप घेऊन रानात जातात. घोड्यावर भांडी, धान्य, कोकरं, कोंबड्या आणि लहान मुलं लादून पुढच्या मुक्कामाला जातात त्या बायका. पाणी कुठे आहे, निवारा कुठे मिळेल, गावातलं कोण भलं आहे, कोणाशी बोलायचं नाही, हे त्यांना ठाऊक असतं. चूल मांडणं, वाघर लावणं, आजारी कोकरू जगवणं त्यांच्याकडेच. गायरान गेलं की चारा जातो, हे लगेच दिसतं. पण त्याबरोबर पाणवठा जातो आणि एक रात्र निर्धास्त टेकायची जागाही जाते. त्याचा पहिला फटका या बायकांना बसतो, आणि चराईच्या चर्चेत त्यांना कोणी विचारलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

वन हक्क कायदा, २००६ आला तेव्हा आशा वाटली होती. त्याच्या कलम ३ मध्ये भटक्या आणि पशुपालक समाजांच्या चराईचा व हंगामी वापराचा हक्क स्पष्ट शब्दांत लिहिला आहे. पण महाराष्ट्रातला धनगर अनुसूचित जमातीत मोडत नाही. म्हणून त्याने इतर पारंपरिक वननिवासी या नात्याने दावा करायचा, आणि त्यासाठी १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथे वास्तव्य असल्याचं दाखवायचं. जो राहतो तो पुरावा ठेवू शकतो. जो येतो, चारतो आणि पुढे जातो, त्याच्या नावाने कुठल्या दप्तरात काय सापडणार?

राज्य सरकार फिरत्या मेंढपाळ कुटुंबांना जून ते सप्टेंबर या काळासाठी महिना ६,००० रुपये चराई अनुदान देतं. चार महिन्यांचे २४,०००. ज्यांना ते मिळतं त्यांना आधार होतो, त्याला माझा विरोध नाही. पण या चार महिन्यांत जमीन मिळत नाही, हे सरकारनेच यातून मान्य केलं आहे. चारा विकत घ्यायला पैसे दिले तरी मेंढरू गोठ्यात बांधून जगवायचं जनावर नाही. दख्खनी मेंढी चालण्यासाठीच घडली आहे.

इकडे माळ कमी होतच चालला आहे. कुसळ, मारवेल, पवन्या या गवतांच्या माळरानाला सरकारी दप्तर पडीक म्हणतं, आणि पडीक म्हटलं की ती जागा कशालाही चालते. वृक्षलागवडीच्या मोहिमांत (२०१९ चं उद्दिष्ट ३३ कोटी रोपांचं होतं) माळांवर सलग समतल चर खोदून रोपं लावली गेली. तिथे आधीच एक नांदतं जग होतं. चिंकारा, लांडगा, धाविक, गवतात घरटं करणारे चंडोल या उघड्या रानातच जगतात. सोलापूरच्या नान्नजला १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य झालं ते गवताच्या जिवावर. गवत आणि चरणारं जनावर एकमेकांबरोबर वाढलेली आहेत. चराई अति झाली तर माळ उजाड होतो, हेही खरं. पण हलता कळप एका जागी थांबत नाही, आणि माळाला विसावा त्यातूनच मिळतो.

आता गायरानांवर सौर प्रकल्प आले आहेत. २०१७ मध्ये महसूल संहितेत आलेल्या कलम २२-अ ने गायरान इतर कामांना देण्यावर बंदी घातली, पण दुसरी योग्य सरकारी जमीन नसेल तर सार्वजनिक प्रकल्पासाठी मुभा ठेवली. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी, ही मागणी न्याय्य आहे. पण गायरानावर कुंपण घालण्याआधी दुसरी जागा खरोखर शोधली का, हे ग्रामसभेने लेखी विचारलं पाहिजे.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगायची आहे. गायरान वाचवा म्हणताना काही जणांची नजर पहिल्यांदा तिथे कसणाऱ्या भूमिहीन दलिताच्या दोन एकरांवर जाते. दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ च्या भूमिहीन सत्याग्रहापासून मराठवाड्यात या जमिनींसाठी लोक लढले, तुरुंगात गेले. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं, तेव्हाही शासनाच्या अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना आणि अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनी अपवादात ठेवल्या. मेंढपाळ आणि भूमिहीन यांना एकमेकांविरुद्ध उभं करून गायरान वाचणार नाही. मोजणी करायचीच तर आधी बड्या कब्जेदारांची करा.

मग करायचं काय? नवा शोध लावायची गरज नाही. याच महसूल संहितेत विदर्भासाठी निस्तार हक्कांचं, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक वापराच्या हक्कांचं, प्रकरण आहे. एका गावच्या गुरांना शेजारच्या गावच्या पडजमिनीत चराईचा हक्क देण्याची आणि तिथवर जाण्याची वाट नोंदवून घेण्याची सोय त्यात आहे. दुसऱ्याच्या शिवारात चरण्याचा हक्क आणि त्यासाठीची वाट, या दोन्ही कल्पना आपल्या कायद्याला परक्या नाहीत. त्या उरलेल्या महाराष्ट्रात आणा, आणि फिरत्या कळपाला लागू होतील अशा शब्दांत लिहा. स्पेनने १९९५ च्या कायद्याने मेंढरांच्या जुन्या वाटा सार्वजनिक मालमत्ता म्हणून जपल्या, सुमारे सव्वा लाख किलोमीटरच्या. त्या विकता येत नाहीत.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष माळरानं आणि पशुपालकांचं म्हणून जाहीर केलं आहे. सातारा, पुणे, अहिल्यानगर, सोलापूर आणि रायगडच्या जिल्हाधिकाऱ्यांनी एकत्र बसून या जिल्ह्यांतून जाणाऱ्या वाड्यांच्या वाटा, मुक्काम आणि पाणवठे नकाशावर उतरवावेत. माहिती विचारायला वाड्यावर जावं, आणि तिथे बायकांशी आधी बोलावं. त्या नकाशाची नोंद प्रत्येक गावच्या तलाठ्याकडे व्हावी. येत्या जूनच्या आधी निदान एका तालुक्यात हे काम पुरं झालेलं मला पाहायचं आहे.