मोहोळाला धनी कोण?

गाय दाव्याला बांधता येते. मधमाशी पेटीत राहते ती तिच्या मर्जीने; मर्जी फिरली की राणीसह थवा उठून जातो. मग तो कोणाचा? प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटेल, परंतु मोठमोठ्या कायदेपंडितांनी त्यावर डोके शिणविले आहे.

जस्टिनियन बादशहाच्या इ. स. ५३३ मधील रोमन कायदाग्रंथाने सांगितले की, थवा दृष्टीच्या टप्प्यात आहे व पाठलाग शक्य आहे तोवरच तो तुमचा; पुढे जो धरील त्याचा. १९०० पासून अमलात असलेली जर्मन नागरी संहिता तर पाठलाग करणाऱ्यास शेजाऱ्याच्या कुंपणातही शिरू देते. नुकसान मात्र भरून द्यावे लागते. दोघांचे थवे एकमेकांत मिसळले तर काय, हेसुद्धा तीत लिहून ठेवले आहे! इंग्लंडच्या न्यायालयाने १९३९ साली केअरी विरुद्ध पॅटिन्सन या खटल्यात उलट निवाडा दिला: माशा शेजाऱ्याच्या जमिनीत गेल्या की मागोमाग जाण्याचा हक्क नाही. मला जर्मन नियम न्याय्य वाटतो. तो जमिनीपेक्षा श्रमाला मान देतो.

आपल्या सह्याद्रीत हाच प्रश्न पेटीतल्या सातेरीपेक्षा कड्यावरच्या आग्या मोहोळापाशी अधिक बोचतो. आग्या माशी पेटीत नांदतच नाही. धूर करून, जीव मुठीत धरून मध उतरविणाऱ्याचे श्रम हीच तेथली मालकी. पण १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने जंगलातील मध व मेण कातडी, सुळे, शिंगे यांच्या पंक्तीला बसवून वनोपज ठरविले. राखीव वनातून परवानगीवाचून ते काढणे गुन्हा झाला. बापजाद्यांपासून मध काढणारा लेखणीच्या एका फटकाऱ्याने चोर ठरला!

२००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासी व इतर पारंपरिक वनवासींचा गौण वनोपजावरील मालकी हक्क मान्य केला. गंमत अशी की, तेथे मध 'वनस्पतिजन्य' मालात मोडतो. ते असो. परंतु हा हक्क आपोआप घरी चालून येत नाही. ग्रामसभेपुढे सामूहिक दावा नमुना 'ब' भरून मांडावा लागतो, पुरावे जोडावे लागतात, पुढे उपविभाग व जिल्हा समित्यांची वाट पाहावी लागते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण खेड्यात जाऊन श्रमदान करतो. यंदा त्यातला एक दिवस हा नमुना ग्रामस्थांना वाचून दाखविण्यास आणि भरून देण्यास ठेवावा, अशी माझी सूचना आहे.