पवईतली कॅन्सर थेरपी: फॉरवर्ड करण्याआधी एक प्रश्न विचारा

आमच्या घाटकोपरच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मागच्या आठवड्यात पुन्हा तो मेसेज आला. आयआयटी मुंबईने कॅन्सरवर औषध शोधलं, एका इंजेक्शनमध्ये कॅन्सर गायब, खर्च परदेशाच्या दहा टक्के. खाली हात जोडलेले इमोजी. दहा मिनिटांत शेजारच्या काकूंचा फोन. "अरे, तुला यातलं कळतं ना? पवई तर इथेच आहे. भावाला घेऊन जाऊ का?" त्यांच्या भावाला तोंडाचा कॅन्सर आहे, ऑपरेशननंतर पुन्हा उलटलेला.

मेसेज साफ खोटा असता तर उत्तर सोपं होतं. पण तो अर्धा खरा आहे.

खरा भाग आधी. औषधाचं नाव नेक्सकार१९. आयआयटी मुंबईतल्या राहुल पुरवार यांच्या लॅबमधून हे काम सुरू झालं, टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी ते पेशंटवर तपासलं, आणि इम्युनोअ‍ॅक्ट ही आयआयटीतूनच निघालेली कंपनी ते बनवते. ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारी मंजुरी मिळाली. ४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईत येऊन त्याचं उद्घाटन केलं.

पण हे बाटलीत मिळणारं औषध नाही. पेशंटच्याच रक्तातून टी-पेशी वेगळ्या काढतात. टी-पेशी म्हणजे आपल्या प्रतिकारशक्तीचे शिपाई. लॅबमध्ये एका निरुपद्रवी केलेल्या व्हायरसच्या मदतीने त्यांच्यात नवा जीन घालतात. त्यामुळे पेशीच्या अंगावर एक रिसेप्टर उगवतो, जो सीडी१९ नावाची खूण ओळखतो. मग या पेशींची संख्या वाढवून त्या पेशंटला परत देतात. फोनला फेस अनलॉक शिकवतो ना, तसंच काहीसं, फक्त इथे चेहरा ओळखला की समोरच्याला मारायचं असतं.

आता मेसेजमध्ये नसलेला भाग. सीडी१९ ही खूण बी-पेशींवर असते. म्हणून ही थेरपी बी-पेशींच्या ल्युकेमिया आणि लिम्फोमासाठी, म्हणजे रक्ताच्या आणि लसीका ग्रंथींच्या काही कॅन्सरसाठी आहे. तीही आधीचे उपचार फसले किंवा आजार उलटला तर. तोंडाच्या, स्तनाच्या, फुप्फुसाच्या कॅन्सरवर ही खूणच नसते. काकूंच्या भावासाठी पवईचं उत्तर "नाही" असं होतं.

जादूही नाही. २०२५ मध्ये 'लॅन्सेट हिमॅटोलॉजी'त आलेल्या निकालांत साधारण ७३ टक्के पेशंटना फायदा दिसला. आधीचे सगळे उपचार हरलेल्या लोकांत हा आकडा मोठाच आहे. पण फायदा म्हणजे कायमचं बरं होणं नव्हे, आणि उपचारामुळे झालेले मृत्यूही त्याच अहवालात नोंदलेले आहेत. खर्च? अमेरिकेत अशी पहिली थेरपी २०१७ मध्ये आली तेव्हा किंमत होती ४,७५,००० डॉलर. आपल्याकडे ३० ते ४० लाखांच्या घरात. दहावा हिस्सा खराच, पण आयुष्मान भारतचं कव्हर कुटुंबामागे वर्षाला ५ लाख आहे. उरलेल्या पैशांसाठी मुलुंड-बोरिवलीत लोक राहतं घर विकायला काढतात. त्याला "स्वस्त" म्हणताना माझी तरी जीभ अडखळते.

मला खरं तर दुसरी बातमी जास्त मोठी वाटते, जी कुणीच फॉरवर्ड करत नाही. तीही मुंबईचीच, आणि तोंडाच्या कॅन्सरची.

टी-पेशींना ब्रेक असतो, त्याचं नाव पीडी-१. कॅन्सरच्या पेशी तो ब्रेक दाबून धरतात. निवोलुमॅब हे औषध तो मोकळा करतं. या ब्रेकवरच्या संशोधनाला २०१८ चं नोबेल मिळालं. अडचण किंमतीची होती: नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम, आणि तो परवडणारे पेशंट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पण सुरुवातीच्या अभ्यासांतच दिसलं होतं की बऱ्याच कमी डोसवरही ब्रेकची जागा जवळपास तितकीच अडवली जाते. मग टाटातल्या डॉक्टरांनी दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम देऊन पाहिलं, सोबत मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब या साध्या गोळ्या. पेशंट होते १५१, डोक्या-मानेचा कॅन्सर झालेले, पूर्ण बरे होण्याची आशा संपलेले. नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी वर्षानंतर १६.३ टक्के जिवंत होते. कमी डोस जोडलेल्या गटात ४३.४ टक्के.

नवीन रेणू नाही, उद्घाटन नाही. डोस कमी करून पाहण्यात औषध कंपनीला रस असण्याचं कारणही नाही. गुटखा-तंबाखूने तोंडाचा कॅन्सर घराघरात नेलेल्या राज्यात हा प्रयोग सरकारी रुग्णालयालाच करावा लागणार होता.

काकूंना मी सांगितलं, आयआयटीच्या गेटवर जाऊ नका, तिथे पेशंट बघत नाहीत. भावाच्या डॉक्टरांना विचारा, कमी डोसचं निवोलुमॅब यांच्या केसमध्ये बसतं का? बसेलच असं नाही. काकूंनी ते नाव दोनदा विचारून कॅलेंडरच्या मागे लिहून घेतलं. ग्रुपवर तोवर तो मेसेज आणखी तिघांनी पुढे पाठवला होता.