गिनीचे वाद्यवृंद आणि एकमेव आश्रयदाता

कलेला राजाश्रय असावा की नसावा, हा वाद आपल्याकडे जुना आहे आणि तो बहुधा दोनच टोकांवरून घातला जातो. एका पक्षाच्या मते आश्रयावाचून कला उपाशी मरते. दुसऱ्याच्या मते आश्रयाने ती मिंधी होते. पश्चिम आफ्रिकेतील गिनी या देशात १९५८ पासून १९८४ पर्यंत संगीताच्या क्षेत्रात जे घडले, ते पाहिल्यावर हे दोन्ही पक्ष अपुरे वाटू लागतात.

सप्टेंबर १९५८ मध्ये फ्रान्सने आपल्या आफ्रिकी वसाहतींकडून कौल मागितला. नव्या फ्रेंच व्यवस्थेत सामील होण्यास एकट्या गिनीने नकार दिला आणि २ ऑक्टोबर रोजी तो देश स्वतंत्र झाला. राजधानी कोनाक्री येथील वाद्यवृंद तोवर वॉल्ट्झ, टँगो, फॉक्सट्रॉट वाजवीत असत. गोऱ्यांच्या नृत्यगृहांना तेच हवे होते. राष्ट्राध्यक्ष सेकू तुरे यांच्या सरकारने असे वृंद बरखास्त केले आणि १९५९ मध्ये निवडक वादकांचा एक राष्ट्रीय वृंद उभारला. त्यातूनच पुढे केलेतिगी त्राओरे आणि बाला ओनिवोगी यांचे दोन नामांकित वृंद निघाले. विभागोविभागी सरकारी वृंद स्थापन झाले. वाद्ये सरकारने पुरविली, राष्ट्रीय वृंदांतील वादकांना वेतन दिले, स्पर्धा व महोत्सव भरविले. १९६८ च्या सुमारास ‘सिलीफोन’ ही सरकारी ध्वनिमुद्रण संस्थाही निघाली. ‘सिली’ म्हणजे सुसू भाषेत हत्ती. ते सत्ताधारी पक्षाचे चिन्ह होते. या सर्व धोरणामागील परवलीचा शब्द होता ‘अस्सलपणा’.

येथे पहिला आक्षेप सहज सुचतो. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, विजेवरची गिटार आणि क्यूबाहून आलेले ताल यांच्या मेळात अस्सल ते काय? परंतु हा आक्षेप वाद्यांकडे पाहून घेतलेला आहे, वादनाकडे पाहून नव्हे. मांडे लोकांत ‘जेली’ नावाचा वंशपरंपरागत गायक-वादकांचा वर्ग आहे. आपल्या भाट-चारणांप्रमाणे वंशावळी सांगणे, पराक्रम गाणे आणि राजाला सल्ला देणे हा त्यांचा धर्म. एकवीस तारांचा कोरा आणि बालाफोन ही त्यांची वाद्ये. बालाफोन म्हणजे आपल्या काष्ठतरंगाचा भाऊबंदच. त्याच्या लाकडी पट्ट्यांखाली मात्र भोपळे टांगलेले असतात. कोऱ्याच्या वादनात एक आकृती अखंड फिरत राहते, तिला ‘कुंबेंगो’ म्हणतात. तिच्यावरून मधूनमधून वेगाने उतरणाऱ्या सुरावटींना ‘बिरिमिंतिंगो’ म्हणतात. जेली घराण्यात वाढलेल्या वादकाने गिटार हाती घेतली, तेव्हा हीच चाल त्याच्या बोटांबरोबर आली. ‘बेंबेया जाझ’ या वृंदातील सेकू दियाबाते यांची गिटार ऐकावी. तारांवर काष्ठतरंग वाजत असल्याचा भास होतो. क्यूबाच्या तालांचेही तसेच. गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी माणसांबरोबर जे समुद्रापार गेले, ते ध्वनिमुद्रिकांच्या रूपाने घरी परतले होते. वाद्य परके, वळण घरचे. सरकारी आदेशाने वळण निर्माण होत नाही. ते आधी बोटांत असावे लागते.

म्हणून शासनाचे श्रेय नाकारावे काय? मला तसे वाटत नाही. बेंबेया जाझ हा वृंद १९६१ मध्ये बेला या आग्नेयेकडील दूरच्या गावी जन्मला. शासनाच्या योजनेवाचून त्याला राजधानी दिसली असती की नाही, याची शंकाच आहे. १९६५ मध्ये तो क्यूबाला गेला, १९६६ मध्ये राष्ट्रीय वृंद झाला. त्याहून लक्षणीय उदाहरण ‘लेझ आमाझोन’ या वृंदाचे. १९६१ मध्ये सशस्त्र पोलीस दलातील स्त्रियांचा हा वृंद निघाला. जेली परंपरेत स्त्रिया गात, पण कोरा वा बालाफोन वाजविणे हे पुरुषांचे काम. तेथे स्त्रियांनी गिटार आणि सॅक्सोफोन हाती घेतले. परंपरेने जे दिले नसते ते येथे शासनाने दिले, हे मान्य केलेच पाहिजे.

मग बिघडले कोठे? बेंबेया जाझची सर्वांत गाजलेली रचना म्हणजे ‘भूतकाळावर एक दृष्टिक्षेप’. ध्वनिमुद्रिकेच्या दोन्ही बाजू व्यापणारी ही रचना सामोरी तुरे यांची गाथा सांगते. फ्रेंचांशी झुंजलेला हा राजा १८९८ मध्ये पकडला गेला आणि १९०० मध्ये गाबोनमध्ये हद्दपारीत वारला. जेलींचे कथन, वृंदाचा मेळ आणि गिटार यांचा असा संगम क्वचितच साधला असेल. १९६९ च्या अल्जियर्स येथील अखिल आफ्रिकी सांस्कृतिक महोत्सवात तिला रौप्यपदक मिळाले. राष्ट्राध्यक्ष सेकू तुरे स्वतःला याच सामोरीचे वंशज म्हणवीत, हे ध्यानात घेतले म्हणजे गाथेचा रोख कोणाकडे होता ते उमगते. आणि त्याच १९६९ साली केइता फोदेबा यांना अटक झाली. आफ्रिकी नृत्य जगाच्या रंगमंचावर नेणारे हे कलावंत तुरे यांच्याच मंत्रिमंडळात होते. कोनाक्रीच्या कुप्रसिद्ध कँप बोइरो तुरुंगातून ते परत आले नाहीत. त्यांच्यासाठी कोणत्याही वृंदाने शोकगीत गायिले नाही; गाणे शक्यच नव्हते.

माझ्या मते परंपरेचा भंग झाला तो येथे. सॅक्सोफोनने तो केला नाही. जेली हा स्तुतिपाठक खराच, पण जुन्या व्यवस्थेत त्याचे आश्रयदाते अनेक असत. एकाचा हात आखडला तर तो दुसऱ्याच्या दारी जाई. राजाला चार शब्द सुनावण्याची मुभाही त्याला होती. त्याच्या स्तुतीला मोल होते, कारण ती आवरती घेणे त्याच्या हाती होते. वाद्य, वेतन, रेडिओ आणि ध्वनिमुद्रिका ही सारी एकाच हाती गेली, तेव्हा स्तुती उरली पण मौनाचा अधिकार गेला. राजाश्रय हा दोष नव्हे. आश्रयदाता एकच उरणे हा दोष होय.

या पारतंत्र्याची दुसरी बाजू १९८४ मध्ये दिसली. त्या वर्षीच्या मार्चमध्ये सेकू तुरे वारले, पाठोपाठ लष्कराने सत्ता घेतली आणि वृंदांचा आधार एकाएकी सुटला. एकाच खांबावर उभा असलेला मांडव त्या खांबाबरोबर खाली आला.

तरीही या संगीताचा निकाल एवढ्यावर लावता येत नाही. शेजारच्या मालीचे गायक सालिफ केइता १९७० च्या सुमारास बामाको रेल्वे स्थानकाच्या हॉटेलात ‘रेल बँड’बरोबर गाऊ लागले. ते सुंजाता राजाच्या वंशातले, म्हणजे गाणे त्यांच्या कुळाला निषिद्ध. त्यांनीच १९७८ मध्ये सेकू तुरे यांच्या स्तुतीचे ‘मांजू’ हे गीत ध्वनिमुद्रित केले. तुरे यांच्या कारकिर्दीचा हिशेब इतिहासाने मांडला आहे. गीत मात्र लोक अजून प्रेमाने ऐकतात. ऐकणाऱ्याने काय करावे? कान बंद करावेत, असे मी म्हणणार नाही. गिनीच्या रेडिओच्या संग्रहातील नऊ हजारांहून अधिक गीतांचे २००८ ते २०१३ या काळात संगणकीय जतन झाले. ती ऐकली जावीत, हेच इष्ट. मात्र ऐकताना दोन गोष्टी एकत्र ध्यानात असाव्यात: बोटांतून उतरलेले पिढ्यांचे शिक्षण, आणि ज्यांच्याविषयी गाण्याची परवानगी नव्हती ती माणसे. पहिलीमुळे हे संगीत थोर ठरते. दुसरीचा विसर पडू देणे हा त्या संगीतावरही अन्याय होईल.