गडाचा दरवाजा कोण उघडणार?

मे महिना लागला किंवा गणपती जवळ आले की आमच्या पनवेलच्या एस. टी. स्टँडवर पाय ठेवायला जागा उरत नाही. रेल्वेचं आरक्षण न मिळालेली, मुंबईहून येऊन इथं गाडी बदलणारी, इथूनच निघणारी, सगळी माणसं कोकणाकडे तोंड करून उभी असतात. बॅगा, पिशव्या, गावच्या मंडळींसाठी घेतलेला खाऊ, मुलांचा गोंगाट. या गर्दीत एक बाई हमखास दिसतेच. खांद्यावर झोपलेलं बाळ, दुसऱ्या हातात दुपट्यांची पिशवी आणि नजर सारखी बाळाच्या तोंडाकडे. बाकी सगळ्यांची सुट्टी सुरू झालेली असते, हिची मात्र दुप्पट ड्यूटी!

मध्यंतरी अशाच एका गणपतीच्या आदल्या दिवशी आमच्या गल्लीतली एक सूनबाई माझ्याकडे आली. "काकू, बाळाला रात्रीपासून ताप आहे. उद्या पहाटे निघायचंय. मी नको म्हणाले तर सगळे म्हणतात, नुसती सर्दी आहे. तुम्ही सांगाल का आईंना?"

बाळ सहा महिन्यांचं. मी गेले. तिच्या सासूबाई काही वाईट नाहीत हो. वर्षातून एकदा घरचा गणपती, सगळे भाऊ-जावा जमणार, पहिल्या नातवाला देवासमोर बसवायचं, किती हौस केली असेल त्यांनी! "अहो वहिनी, आम्ही नाही का मुलं वाढवली? तापलं अंग, लावलं सुंठ-वेखंड, झालं," असं त्या म्हणाल्या. बरीच बोलाचाली झाली. शेवटी बाकीची मंडळी गेली. सून, मुलगा आणि बाळ मागे राहिले. डॉक्टरांना दाखवलं. दोन दिवसांत ताप उतरला. खरोखरच साधी सर्दी होती.

गावाहून परतल्यावर सासूबाई मला भाजीवाल्याकडे भेटल्या. म्हणाल्या, "पाहिलंत ना? उगाच घरच्या गणपतीला माझा नातू नव्हता." मी काहीच बोलले नाही. त्यांचं दुःख खरं होतं. पण ती सून? ती आता घरात मान खाली घालून वावरते. पुढच्या वेळी बाळ तापलं तर ती बोलेल का? मला त्याची जास्त काळजी वाटते.

मला असं का वाटतं, त्याला कारण आहे. मीसुद्धा एकदा बोलले नव्हते.

२००५ चा मे महिना. माझी लेक आठ महिन्यांची. चिपळूणकडे दिराच्या लग्नाला आम्ही सगळे एस. टी. नं निघालो होतो. दुसऱ्या दिवशी हळद. वडखळ येईपर्यंत लेकीला दोन उलट्या आणि तीन जुलाब झाले. कुणी म्हणालं, दात येताहेत. कुणी म्हणालं, ऊन बाधलं. सासूबाई म्हणाल्या, "दूध बंद कर, म्हणजे पोट आपोआप बसेल." मी बी. ए. झालेली, पण तेव्हा नवी सून. मी दूध बंद केलं. बाटलीतलं पाणी तेवढं घोटभर पाजत राहिले.

नागोठणे गेलं, कोलाड गेलं. लेक रडायची थांबली. सगळ्यांना वाटलं, बरं झालं, झोपली. मला आतून कळत होतं, ही झोप नाही. माणगावला गाडी थांबली तेव्हा "उतरू या का?" हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. पण यांच्याकडे पाहिलं, सामानाकडे पाहिलं, "आता काय, पोचलोच की," हे ऐकलं आणि गप्प बसले. वडखळपासून महाडपर्यंत अडीच-तीन तास मी गप्प होते. आजही तो रस्ता आला की पोटात कालवतं.

महाडला गाडी स्टँडात शिरली आणि मी उभी राहिले. पुढे कशेडीचा घाट होता. लेकीचे डोळे खोल गेले होते, ओठ सुकले होते. कुणाला न विचारता मी खाली उतरले. गाडीत एकच गलका झाला. ड्रायव्हरमामा मात्र म्हणाले, "जा ताई, पोराचं आधी बघा." आणि माझ्यामागून खाली कोण उतरलं असेल? माझ्या सासूबाई! ज्यांनी दूध बंद करायला सांगितलं होतं, त्याच.

स्टँडजवळच्या डॉक्टरांनी लेकीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती पटकन जागेवर जाईना. "शू कधी केली होती?" त्यांनी विचारलं. आम्हाला दोघींनाही आठवेना. त्यांनी ओ. आर. एस. कालवून चमच्याचमच्यानं पाजायला लावलं, माझं दूधही लगेच सुरू करायला सांगितलं. तरी भागेना, तेव्हा सलाईन लावलं. "घाटात कुठं मिळालं असतं सलाईन?" एवढंच ते म्हणाले. रात्रभर सासूबाई आणि मी आळीपाळीनं चमचा धरून बसलो होतो. हळद आमच्यावाचून झाली. लग्नालाही आम्ही उशिरा पोचलो. ती लेक आता विशी ओलांडून कॉलेजात जाते.

पुष्कळ वर्षांनी माझ्या लक्षात आलं, मी उतरले ते महाड म्हणजे रायगडाच्या पायथ्याचा तालुका. हिरकणीचा तालुका! तिची कथा आपण सगळ्यांनी शाळेत ऐकली आहे. गडावर दूध घालायला गेलेली गवळण, सांजवेळी बंद झालेले दरवाजे, खाली वाडीत एकटं तान्हं बाळ. पहारेकऱ्यांनी दरवाजा उघडला नाही, तेव्हा ती रात्री कडा उतरून गेली. शिवाजी महाराजांनी तिचं कौतुक केलं आणि त्या जागी बुरूज बांधला, असं सांगतात. रायगडावर हिरकणी बुरूज आजही आपण पाहतो.

आपण तिच्या धाडसाचे गोडवे गातो, पण मला हल्ली वेगळंच वाटतं. आईनं जीव धोक्यात घालून कडा उतरावा, मग आपण तिचा बुरूज बांधावा, हे कुठवर चालायचं? दरवाजा वेळेवर उघडला तर तिला कडा उतरावाच लागणार नाही ना!

या हिरकणीच्या नावानं एस. टी. महामंडळानं स्थानकांवर बाळाला पाजण्यासाठी 'हिरकणी कक्ष' केले. फार चांगली कल्पना. पण प्रवासात एका स्थानकावर मला या कक्षाला कुलूप दिसलं. "किल्ली कुणाकडे?" असं विचारत मी तीन खिडक्या फिरले. बाहेर एक मुलगी भिंतीकडे तोंड करून, पदर ओढून बाळाला पाजत होती. आमच्या महिला मंडळानं मग रीतसर अर्ज दिला. किल्ली कुणाकडे असते ते दारावरच लिहा, एवढीच मागणी. दोनदा खेटे घातले, तेव्हा कागद चिकटला. लहान काम, पण त्या कागदामुळे एखादीला भिंतीकडे तोंड करावं लागणार नाही.

स्टँडवरच असं होतं असंही नाही. डिसेंबर २०२२ मध्ये देवळालीच्या आमदार सरोज अहिरे आपल्या अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या. त्यांचं खूप कौतुक झालं, फोटो छापून आले. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्या मुंबईच्या अधिवेशनाला आल्या, तेव्हा तिथल्या हिरकणी कक्षात धूळ होती आणि बाळासाठी धड सोय नव्हती. त्यांनी ते सगळ्यांसमोर बोलून दाखवलं. त्यानंतर सोय झाली. आमदार बाईलाही बोलावं लागलं, तर आपली काय कथा! पण बोलल्यावर बदल होतो, हेही त्यातून दिसलं.

आता बोलायचं तर माहितीही हवी. नुसतं "मला भीती वाटते" म्हटलं की घरचे हसतात. "बाळानं सहा तासांत शू केलेली नाही," असं म्हटलं की तेच घरचे चपला घालतात. म्हणून चार गोष्टी प्रत्येकीनं पाठ कराव्यात, आज्जींनीसुद्धा.

जुलाब लागले तर दूध बंद करायचं नाही, उलट जास्त वेळा पाजायचं. ओ. आर. एस. चं पाकीट मेडिकलमधून घ्यावं आणि त्यावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात सगळंच्या सगळं कालवावं. अर्ध्या पाण्यात अर्धं पाकीट, असा अंदाजपंचे हिशेब नको. चोवीस तासांनी उरलेलं टाकून द्यावं. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्याचमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा हळूहळू सुरू करावं. पाकीट मिळालंच नाही तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. दुकानातली गोड, रंगीत तयार पेयं म्हणजे ओ. आर. एस. नव्हे. अशा पेयांच्या नावात ओ. आर. एस. ही अक्षरं वापरायला ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारनं बंदी घातली, ती याचसाठी. जुलाबात डॉक्टर झिंकही देतात, ते जुलाब थांबले तरी चौदा दिवस पुरं करावं.

श्वास मोजायला शिकावं. बाळ शांत असताना, पोट वर-खाली होताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे साठ किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत पन्नास किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत चाळीस किंवा जास्त श्वास भरले, तर ती नुसती सर्दी म्हणायची नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ ताप असेल तरी वाट पाहू नये. बाळ दूध ओढत नसेल, मलूल पडलं असेल, झटका आला, शौचात रक्त दिसलं, तर गाडी कुठंही असो, वळवायची. १०८ नंबर घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवा. आणि खोकल्याचं औषध आपल्या मनानं कधीही नाही. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याला दूषित खोकल्याच्या औषधानं लहान मुलं दगावली, ते आपण वाचलंच आहे.

हे सगळं बायकांना जमेल का, असं कुणी विचारलं तर दोन गोष्टी सांगा. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, बंगालमधल्या बनगावला, कॉलऱ्याची साथ आली आणि सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत भरून ठेवलं आणि पाजायचं काम रुग्णांच्या नातेवाइकांकडे दिलं. हजारो माणसं वाचली. आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. तिथले नवजात बाळांचे मृत्यू तीन वर्षांत निम्म्याहून कमी झाले आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या डॉक्टरी नियतकालिकानं ते छापलं. चमचा धरणारा आणि श्वास मोजणारा हात घरातल्याच माणसाचा होता.

मैत्रिणींनो, गावाला जाऊच नका असं मी म्हणत नाही. जरूर जा. बाळाला आजोळ कळू दे, माडाखाली अंथरलेल्या चटईवर लोळू दे. पिशवीत ओ. आर. एस. ची दोन पाकिटं, चमचा, थर्मामीटर आणि लसीकरणाचं कार्ड ठेवा. रोटाव्हायरसची लस २०१९ पासून राज्यातल्या सरकारी लसीकरणातही आहे, तिचे डोस झालेत ना ते बघा. वाटेत दर दोन-अडीच तासांनी थांबायचं, हे निघण्याआधीच ठरवा. आणि बाळाची पिशवी कधीतरी बाळाच्या बाबांच्याही खांद्यावर द्या.

पण माझं खरं मागणं आमच्या वयाच्या बायकांकडे आहे. आता आपण काकू झालो, सासवा होऊ लागलो. गडाच्या दरवाजाची किल्ली आपल्या कमरेला आहे. सुनेची काळजी चारदा खोटी ठरेल. चारदा सर्दीच निघेल, एखादा गणपती चुकेल, आरक्षणाचे पैसे जातील. जाऊ देत. त्यासाठी तिला टोमणा मारला, तर पाचव्या वेळी ती वडखळपासून महाडपर्यंत गप्प बसेल, माझ्यासारखी. आणि महाडला उतरायचं धाडस प्रत्येकीला होईलच असं नाही.

म्हणून गावाला निघायच्या आदल्या रात्री, बॅगा भरून झाल्या की बाळाच्या आईजवळ जाऊन बसा आणि विचारा, "तुला काय वाटतं गं? जाऊ या ना?" विचारून लगेच उठू नका. ती काय सांगते ते ऐका.