खुंटी सोबत आणणारा जंतू

अतिसाराची चर्चा निघाली की ती बहुधा जंतूंच्या विषापाशी सुरू होते आणि प्रतिजैविकांपाशी संपते. या दोहोंच्या अलीकडची पायरी, म्हणजे जंतूने आतड्याच्या पेशीला चिकटणे, दुर्लक्षित राहते. वास्तविक आतड्यातील द्रव सतत पुढे ढकलला जातो, श्लेष्म्याचा थर पुनःपुन्हा नवा होतो आणि अस्तराच्या पेशी काही दिवसांतच गळून पडतात, त्यामुळे ज्याला तेथे पाय रोवता येत नाहीत असा जंतू कितीही विषारी असला तरी बहुधा वाहूनच जातो.

सर्वसाधारणपणे जंतूच्या पृष्ठभागावरील एखादे प्रथिन, ज्याला आसंजक म्हणतात, पेशीवर आधीपासूनच असलेल्या ठरावीक रेणूला, म्हणजे ग्राहीला, जाऊन जुळते. डुकरांच्या काही पिलांमध्ये असा ग्राही जन्मतःच नसतो आणि त्या ग्राहीला चिकटणाऱ्या ई. कोलाय या जंतूमुळे होणारा अतिसार त्यांना होत नाही, हे ब्रिटिश संशोधकांनी १९७५ साली दाखवले. लहान मुलांना ग्रासणाऱ्या ‘एंटेरोपॅथोजेनिक ई. कोलाय’ या प्रकाराने मात्र ग्राहीवरचे हे अवलंबित्वच मोडीत काढले आहे.

हा जंतू प्रथम बारीक तंतूंच्या जुडग्यांनी पेशीवर सैलसर टेकतो आणि मग सुईसारख्या एका नळीतून, जिला तिसऱ्या प्रकारची स्राव यंत्रणा म्हणतात, स्वतःची प्रथिने थेट पेशीच्या आत सोडतो. त्यांतले ‘टिर’ हे प्रथिन पेशीच्या आवरणात जाऊन बसते, त्याचा एक भाग बाहेर डोकावतो आणि जंतूच्या अंगावरील ‘इंटिमिन’ हे प्रथिन त्यालाच घट्ट धरते. परक्याच्या भिंतीत आपली खुंटी ठोकून तिलाच आपला दोर बांधावा, तसा हा प्रकार आहे. हा ग्राही पेशीचाच असावा अशी अभ्यासकांची आधी समजूत होती आणि त्याला ‘एचपी ९०’ असे नावही मिळाले होते; तो जंतूने आत घातलेला असतो, हे कॅनडातील व्हँकूव्हर येथील ब्रेट फिन्ले यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली सिद्ध केले.

एवढ्यावर हे थांबत नाही. टिरच्या आतल्या टोकाला पेशीतीलच विकरे फॉस्फेट जोडतात, त्यातून पेशीचा सांगाडा घडवणारे ॲक्टिन हे प्रथिन तेथे गोळा होते आणि जंतूखाली चौथरा उभा राहतो, तर शोषणाचे काम करणारे भोवतालचे सूक्ष्मांकुर नाहीसे होतात. कोलकात्यासह सात ठिकाणी झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री अभ्यासात एक वर्षाखालील बालकांच्या मृत्यूचा वाढता धोका या जंतूच्या नमुनेदार प्रकाराशी निगडित आढळला, हे लक्षात घेता प्रयोगशाळेतील हे ज्ञान दवाखान्यापर्यंत फारसे पोहोचलेले नाही, ही खेदाची बाब आहे.

आईच्या दुधात इंटिमिनविरोधी प्रतिपिंडे आढळतात. तेव्हा स्तनपानाचा आग्रह पोषणाइतकाच चिकटण्याच्या या पायरीवरूनही धरायला हवा. जंतूला न मारता केवळ चिकटू न देणारी औषधे आली तर प्रतिरोध कमी वाढेल, ही आशा रास्त असली तरी बेताचीच ठेवावी, कारण बहुतेक जंतूंकडे चिकटण्याची एकाहून अधिक साधने असतात आणि खुद्द इंटिमिनचेही अनेक उपप्रकार आहेत.

लस हा मार्ग अधिक आश्वासक दिसतो, पण तेथे अडचण निव्वळ जीवशास्त्राची नाही. याच पद्धतीने चिकटणारा आणि माणसाच्या मूत्रपिंडांना घातक ठरणारा ‘ओ १५७’ हा ई. कोलायचा प्रकार गुरांच्या आतड्यात राहतो. त्याच्या स्राव यंत्रणेतील प्रथिनांपासून बनवलेल्या गुरांच्या लशीला कॅनडात २००८ साली परवाना मिळाला. तथापि या जंतूने गुरे आजारी पडत नाहीत, त्यामुळे लशीचा खर्च पशुपालकाने करायचा आणि लाभ मात्र मांस खाणाऱ्या अनोळखी ग्राहकाला व्हायचा, असा तो व्यवहार ठरला; मागणी तुटपुंजी राहिली आणि पुढे लशीचे उत्पादनही थांबले. सार्वजनिक निधीने हा खर्च उचलला असता, तर निकाल वेगळा लागण्याची शक्यता होती.