कुलूप कुठे, तोटी कुठे

जुन्या मराठी पुस्तकांचे स्कॅन सर्व्हरवर ठेवणाऱ्या संस्थांची एक लाडकी सबब असते: "सगळ्यांना खुलं केलं तर सर्व्हर झोपेल." म्हणून मग नोंदणीचा अर्ज, ओळखपत्राची प्रत, सहीशिक्क्याचं पत्र आणि यथावकाश येणारा पासवर्ड. हे सगळं कशासाठी? तर लेखकाला जाऊन ६० वर्षं उलटलेल्या, म्हणजे कायद्यानं आता कुणाच्याच मालकीच्या न उरलेल्या पुस्तकासाठी.

या सबबीत दोन वेगळे प्रश्न कालवलेले आहेत. आत कुणी यायचं, हा एक. एका वेळी किती न्यायचं, हा दुसरा. पहिल्याला कुलूप लागतं, दुसऱ्याला तोटी. सर्व्हर झोपण्याची भीती दुसऱ्या प्रश्नातली आहे आणि आपण तिच्यावर पहिल्याचं औषध देतो.

तोटी फुकट मिळते. लिनक्सवरच्या व्हीएसएफटीपीडीमध्ये निनावी पाहुण्याचा वेग, एकूण जोडण्या आणि एका आयपी पत्त्यावरून येणाऱ्या जोडण्या, या तिन्हींवर मर्यादा घालायला तीन ओळी पुरतात. २०२१ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्सनं एफटीपी सोडलं, तर एनजिनएक्सवर याच मर्यादा घालता येतात. हिशेब करा. प्रत्येक जोडणीला सेकंदाला २०० किलोबाइट, एकूण जोडण्या ५०. सगळे एकदम तुटून पडले तरी सेकंदाला १० मेगाबाइट, म्हणजे ८० मेगाबिट. १०० मेगाबिटची लाइन शाबूत राहते आणि ५० मेगाबाइटचं पुस्तक चार-साडेचार मिनिटांत उतरतं. ५१वा वाचक थोडा थांबेल. मात्र एका पत्त्याला एकच जोडणी असा कंजूषपणा नको. अख्खं वसतिगृह एकाच पत्त्यामागे असतं.

निनावी प्रवेश म्हणजे बेशिस्त नव्हे. फाइल पाठवण्याच्या या पद्धतीचा पहिला मसुदा १९७१ साली अभय भूषण यांनी लिहिला. ते आयआयटी कानपूरचे पदवीधर. पुढे 'ॲनॉनिमस' नावानं आत जायचं आणि पासवर्डच्या जागी आपला ईमेल पत्ता द्यायचा, अशी रीत पडली. तो शिष्टाचार होता, झडती नव्हती.

आणि जिथे कुलूप हवं, तिथे काय दिसतं? लिहिण्याचा आणि पुसण्याचा अधिकार सगळ्यांना, फोल्डरला ७७७, सगळ्या कर्मचाऱ्यांत मिळून एक पासवर्ड, नोकरी सोडून गेलेल्याचं खातं अजून चालू. कामापुरताच अधिकार द्यावा, हे तत्त्व सॉल्ट्झर आणि श्रोडर यांनी १९७५ मध्येच मांडलं होतं. संग्रह पुसला जाईल तो आतल्या मोकळ्या हातांनी. नुसतं वाचणारा काय पुसणार?

"कुणीतरी सगळाच संग्रह उतरवून नेईल," हा शेवटचा आक्षेप. नेऊ द्या. तुमची हार्डडिस्क बसेल त्या दिवशी त्याचीच प्रत कामाला येईल. उलट कुणी कोणतं पुस्तक वाचलं याची नावानिशी यादी तुमच्याकडे कशाला हवी, याचं उत्तर तुम्ही द्यायला हवं.

वाचायला सर्वांना मोकळीक, वेगाला मर्यादा, लिहिण्याला प्रत्येकाचं वेगळं खातं. एका दुपारचं काम आहे. ते होत नसेल, तर अडचण सर्व्हरची नाही. पुस्तकं आपल्या मालकीची वाटण्याची आहे.