पोटातल्या भाडेकरूंची कुंडली

'जंतू' म्हटले की आपण लगेच साबण शोधतो. पण आपल्या मोठ्या आतड्यात अब्जावधी जीवाणू कायमचे बिऱ्हाड करून असतात आणि त्यातले पुष्कळसे आपल्या उपयोगी पडतात. भाडेकरू चांगला की वाईट, हे मात्र नुसते पाहून कळत नाही. त्यासाठी त्याची कुंडलीच मांडावी लागते.

जीवाणूची कुंडली म्हणजे त्याचा जनुकसंच. चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला तो मजकूर असतो. 1995 साली अमेरिकेत एका जीवाणूचा असा मजकूर प्रथमच संपूर्ण वाचला गेला, तेव्हा तो सुमारे 18 लाख अक्षरांचा निघाला.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील डॉ. योगेश शौचे व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन निरोगी व्यक्तींच्या विष्ठेतून मिळालेल्या दोन जीवाणूंचे जनुकसंच तपासले. 2013 साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. हे जीवाणू मेगास्फेरा कुळातले. त्यांचा एक भाऊबंद गुरांच्या पोटात राहतो. तिघांची तुलना केली, तेव्हा माणसाच्या पोटातल्या दोघांकडे पिष्ट आणि तंतुमय पदार्थ फोडणारी विकरे अधिक आढळली. जसे यजमानाचे ताट, तशी पाहुण्याची तयारी! पित्तरसात तगून राहण्याची सोयही त्यांच्यापाशी होती.

शिवाय काही जीवनसत्त्वे आणि ब्युटिरिक आम्ल तयार करण्याची क्षमता त्यांच्या जनुकांत दिसली आणि प्रयोगशाळेत तिचा पडताळाही मिळाला. हे आम्ल म्हणजे आतड्याच्या अस्तरातील पेशींचे इंधन. 2014 मध्ये 'मेगास्फेरा इंडिका' या नव्या नावाने या जीवाणूंची नोंद झाली.

पण याच कुंडलीत एक मंगळही निघाला. काही प्रतिजैविक औषधांना दाद न देण्याचा गुण त्यांच्यात होता. असे गुण एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे, प्रसंगी रोगजंतूकडेही जाऊ शकतात. म्हणूनच 'उपयोगी जीवाणू' म्हणून एखादा कुणाला खाऊ घालण्याआधी त्याची जनुके तपासणे आवश्यक ठरते.

घरच्यांनी काय करावे? ज्वारीची भाकरी, उसळी, पालेभाज्या ताटात असू द्याव्यात. त्यातला न पचलेला चोथा हेच या भाडेकरूंचे अन्न. आणि मुलाला दोन जुलाब झाले, म्हणून मागच्या आजारातल्या उरलेल्या प्रतिजैविक गोळ्या स्वतःच्या मनाने देऊ नयेत. त्या रोगजंतूंबरोबर चांगल्या भाडेकरूंनाही घराबाहेर काढतात.